पट्टीखालचा अंगठा

आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, दाराच्या वर, एका दाढीवाल्या गोऱ्या साहेबांचा फोटो होता. माणूस घडवला गेला नाही, तो आधीच्या प्राण्यांतून हळूहळू होत गेला, असं ज्यांनी जगाला सांगितलं ते हे साहेब. फोटोला बारमाही चंदनाच्या चकत्यांचा हार. साहेबांच्या वाढदिवसाला नोटीस बोर्डावर कागद लागायचा: सकाळी साडेदहा वाजता प्रतिमापूजन. साडेदहाला विभागप्रमुख यायचे. फोटो खाली उतरवून टेबलावर मांडला जायचा, टेबलावर धुतलेली चादर असायची, समई पेटायची, उदबत्ती लागायची, चंदनाच्या हारावर झेंडूचा हार चढायचा. मग कुणीतरी भाषण करायचं, की ह्या माणसाने मानवजातीला अंधश्रद्धेतून बाहेर काढलं. भाषण चालू असताना उदबत्तीची राख फ्रेमच्या खालच्या पट्टीवर पडत राहायची आणि शेवटी सगळ्यांना पेढा मिळायचा. मुली पेढा घेताना डावा हात उजव्या कोपराला लावायच्या. देवळात घेतात तसाच.

ह्या प्रकाराचं हसू आलेली तिथे मी एकटीच असेन. मी हसले मात्र नाही. मला हसू आतल्या आत ठेवायची लहानपणापासून सवय आहे.

फ्रेम आणि हार ह्या दोन गोष्टींतलं मला जरा कळतं, कारण माझ्या वडिलांचं रविवार पेठेत फ्रेमचं दुकान आहे. गणपती, लक्ष्मी, मक्का-मदिना, लग्नातले जोडीचे फोटो, वारलेले आजोबा, सेवानिवृत्तीची मानपत्रं, सगळं तिथे येतं आणि अब्बा सगळ्यांना सारख्याच काळजीने काच लावतात. साहेबांच्या गळ्यातला हार आमच्याकडेही मिळतो. वारलेल्या आजोबांसाठी नेतात तोच. आम्ही विश्रांतवाडीला राहायला गेल्यापासून मी कॉलेज सुटलं की आधी दुकानात जायचे आणि संध्याकाळी अब्बांच्या मागे स्कूटरवर बसून घरी. घरी आम्ही दखनी बोलतो. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे लिहिणं-वाचणं इंग्रजी. मराठी मी दुकानाच्या काउंटरवर शिकले, गिऱ्हाइकांकडून. तेव्हा माझ्या मराठीत थोडा तिरकसपणा असलाच तर तो पेठांनी दिलेला आहे, माझा नाही.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला उत्क्रांती हा विषय होता. शिकवायला मॅडम होत्या. पन्नाशीच्या, कडक इस्त्रीची सुती साडी, कोरडा आवाज, स्वच्छ उच्चार. शिकवायच्या उत्तम, हे मान्य करायला मला काही जड जात नाही. पहिल्याच तासाला त्यांनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "माणूस देवाने घडवला असं इथे कुणाला वाटतं? हात वर करा. लाजू नका, मी कुणाला खात नाही."

वर्गाने माझ्याकडे पाहिलं. पुण्यात स्कूटरवर बसणारी प्रत्येक मुलगी तोंडाला स्कार्फ बांधते. वर्गात शिरल्यावर बाकीच्या तो सोडून पिशवीत टाकतात, मी डोक्यावर ठेवते. फरक एवढाच, पण वर्गाला तो पुरे होता. माझे हात बाकाखाली होते. ते मी तिथेच ठेवले. माझ्या शेजारी माझी प्रॅक्टिकलची जोडीदार बसायची, धायरीची. ती दर गुरुवारी उपास करायची आणि परीक्षेच्या आधी मनगटात देवळातला धागा बांधून यायची. तिचाही हात वर गेला नाही. पुढच्या बाकावरच्या मुलाच्या कपाळावर सकाळच्या पूजेचं गंध होतं. तोही गप्प. कुणाचाच हात वर गेला नाही. मॅडम समाधानाने म्हणाल्या, "छान. म्हणजे सगळे शहाणे आहेत," आणि पुस्तक उघडलं.

लहानपणी आम्हाला कलमा, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणायला लावायचे, तेव्हा निदान तोंड उघडावं लागायचं. इथे नुसतं गप्प बसून दीक्षा मिळाली.

तास संपल्यावर मी जोडीदाराला विचारलं, तुझा हात का खाली. ती डबा उघडत म्हणाली, "अगं, देव वेगळा, पेपर वेगळा." तिच्या मनात दोन कप्पे होते आणि दोन्हींना कुलूप होतं. मला कधीकधी तिचा हेवा वाटायचा.

माझ्या मनात एकच कप्पा आहे. माणूस खुदाने मातीचा केला, घडवला, मग त्यात प्राण घातला, असं मी मानते. शाळेत मानत होते, बी.एस्सी. करताना मानत होते, आज हे लिहितानाही मानते. मी ते डोळ्यांनी पाहिलेलं नाही, आणि पाहिल्याचा आव मी कधी आणला नाही. ह्याला मी श्रद्धा म्हणते. आमच्यातही अडाणी श्रद्धेची कमी नाही. वांगं कापल्यावर आत अल्लाचं नाव दिसलं म्हणून त्याचा फोटो अख्ख्या खानदानाला पाठवणारे एक मामू आमच्याकडे आहेत. त्यांना मी हसते. पण मामूंनी त्या वांग्याला प्रयोगशाळा म्हटलेलं नाही.

लाजऱ्या मुलांनी शंका चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवाव्यात, अशी मॅडमनी सोय केली होती. मी एकदाच चिठ्ठी ठेवली. पंख पूर्ण व्हायच्या आधी, अर्धाच झालेला असताना त्या प्राण्याला त्याचा काय उपयोग, असं काहीसं विचारलं होतं. चिठ्ठीवर नाव नव्हतं. पण अक्षर गोल, तिरकं, कॉन्व्हेंटमध्ये चार रेघांच्या वहीत घोटून घेतलेलं. वर्गात तसं अक्षर दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

मॅडमनी चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि उत्तर दिलं, की लाखो वर्षांत सगळं होतं, आपल्या बुद्धीला तेवढा काळ झेपत नाही म्हणून शंका येतात. आमची दादी अवघड प्रश्नाला खुदाची कुदरत म्हणून उत्तर द्यायची. तिलाही वाटायचं की शंका येते कारण आपली बुद्धी लहान. दादी आणि मॅडम ह्यांची गाठ पडली असती तर दोघींचं छान जमलं असतं.

मग मॅडमनी चिठ्ठीची घडी केली. "ही कुणाची ते मी विचारत नाही," त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या. "काही घरांतून माणूस मातीचा झालेला असतो. असू दे. इथे तसं चालत नाही. इथे पुरावा लागतो."

पुरावा प्रयोगशाळेच्या भिंतीवर होता. साहेबांच्या समोरच्या भिंतीवर, काचेच्या फ्रेममध्ये, एक जुना रंगीत तक्ता. सगळे त्याला चार्ट म्हणायचे. त्यात माणसाचा हात, देवमाशाचा पर, वटवाघळाचा पंख आणि घोड्याचा पुढचा पाय, असे चार सांगाडे ओळीने होते. दंडाचं हाड चौघांचं पिवळं, खालची दोन निळी आणि हिरवी, बोटांची तांबडी. हाडं सारख्याच धर्तीची, म्हणून चौघांचा पूर्वज एकच असला पाहिजे, असा त्याचा अर्थ. मला तो चार्ट आवडायचा. पण मला त्यात दुसरंच दिसायचं. अब्बांच्या दुकानात हातभर फ्रेम असो की वीतभर, दोन्हींचे कोपरे तिरके कापून एकाच पद्धतीने जोडलेले असतात. त्यावरून मोठी फ्रेम ही लहान फ्रेमची नात आहे, असं कुणी गिऱ्हाईक म्हणत नाही. कापणारा एक आहे, एवढंच त्यावरून कळतं.

ह्या चार्टची आकृती जर्नलमध्ये काढायची होती. जर्नल म्हणजे प्रॅक्टिकलची जाड वही, डावीकडे कोरं पान आकृतीला, उजवीकडे रेघांचं पान मजकुराला. प्रत्येक आकृतीवर मॅडमची लाल सही लागते आणि सगळ्या सह्या झाल्या की वर्षाच्या शेवटी पहिल्या पानावरच्या सर्टिफिकेटवर सही होते. ते सर्टिफिकेट नसेल तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसू देत नाहीत, म्हणजे वर्ष गेलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवी घेतलेली नव्हती. वर्ष गेलं तर पुढे शिकायचं की नाही हा प्रश्न पुन्हा घरात निघाला असता, आणि ह्या खेपेला त्याचं उत्तर लग्न असं आलं असतं. तेव्हा ही सही माझ्यासाठी साधी सही नव्हती.

जर्नल पुरं करायची आमच्या कॉलेजातली रीत ठरलेली होती. आदल्या वर्षीच्या मुलीचं सह्या झालेलं जर्नल मिळवायचं आणि उतरवून काढायचं. तिने ते तिच्या आधीच्या मुलीवरून उतरवलेलं असायचं. समोर भिंतीवर चार्ट असला तरी मान वर करायचे कष्ट कुणी घेत नसे. जोडीदाराने धायरीतल्या एका ताईचं जर्नल आणलं होतं. ती शिकून आता हिंजवडीला कंपनीत लागली होती, त्यामुळे त्या जर्नलला चांगला पायगुण आहे, असं जोडीदाराचं म्हणणं होतं. मी तिच्याबरोबर बसून आकृती उतरवली. तांबड्या पेन्सिलने बोटं रंगवताना माझ्या लक्षात आलं, की माणसाच्या हाताला बोटं चारच आहेत.

मी पुन्हा मोजली. मग पेन्सिल धरलेला माझा हात बघितला. मग मान वर करून चार्ट बघितला. चार्टवरही चार. करंगळीपासून तर्जनीपर्यंत सगळं व्यवस्थित आणि त्यापुढे एकदम फ्रेमची काळी पट्टी. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत पाच होती. मग मी दुसऱ्या मुलींची जर्नलं मागून घेतली, आणखी दोन जुनी जर्नलं कपाटातून काढली. सगळीकडे चार बोटं, प्रत्येक आकृतीखाली लाल सही. एवढ्या मुलामुलींनी, स्वतःच्या पाच बोटांनी पेन्सिल धरून, माणसाला चार बोटं काढली होती.

लहानपणी मला कुराण पढवायला गल्लीतल्या एक खाला होत्या. मी एक स्वर ऱ्हस्वाचा दीर्घ केला तरी त्यांची पट्टी टेबलावर वाजायची. ओळ पुन्हा, पहिल्यापासून. अर्थ मला तेव्हा कळत नव्हता, त्यांनाही सगळा कळत असेल असं नाही. पण जे पवित्र आहे ते चुकीचं पुढे जाता कामा नये, एवढी त्यांची धास्ती होती. अंधश्रद्धाळू म्हणतात त्या बाई ह्या. आणि पुराव्याची मंडळी वर्षानुवर्षं माणसाचा अंगठा गाळून खुशाल सह्या करत होती.

मी जोडीदाराला दाखवलं. तिने दोन्ही हात समोर धरून मोजले, हसली, आणि म्हणाली, "चार असू देत नाहीतर चौदा. सही कशावर मिळते ते बघ."

तिचं बरोबर होतं. मी तिचं ऐकायला हवं होतं. पण आकृती खोडून मी पाच बोटं काढली आणि जर्नल तपासायला ठेवलं. दुसऱ्या आठवड्यात परत आलं. सही नाही. लाल अक्षरात शेरा: आकृती चार्टप्रमाणे नाही. पुन्हा काढा.

मी नवीन पान लावून पुन्हा काढली. अधिक काळजीने, हाडाहाडाला सावली देऊन. पुन्हा पाच. पुन्हा तोच शेरा, खाली एक रेघ जास्तीची. मॅडम बोटं मोजत नव्हत्या. वर्षानुवर्षं त्यांच्या डोळ्याला त्या हाताचा एक आकार बसलेला होता, त्यात माझा हात बसत नव्हता, एवढंच त्यांना दिसत होतं.

जर्नलं जमा करायला चार दिवस राहिले, तेव्हा मी टेबलापाशी जाऊन उभी राहिले. समोर साठेक जर्नलांचा ढीग. मॅडम एक उघडत होत्या, सही, मिटत होत्या. त्यांनी वर बघेपर्यंत मी थांबले. मग मी जमेल तितक्या हळू सांगितलं, "मॅडम, चार्टमध्ये अंगठा नाहीये."

मॅडमनी चष्मा काढला. चार्ट त्यांच्या उजव्या हाताला, चार पावलांवर होता. त्यांनी मान वळवली नाही. म्हणाल्या, "ह्या चार्टवरून मुलं शिकली, प्राध्यापक झाली, डॉक्टर झाली. कुणाला काही कमी दिसलं नाही. आपल्यालाच दिसलं." आपल्यालाच हा शब्द पुण्यात कसा वापरतात ते पुण्याबाहेरच्या माणसाला लिहून समजावता येणार नाही. "उत्क्रांतीवर तुमचा विश्वास नाही, हे मला पहिल्यापासून माहीत आहे. ठीक आहे, तुमचा प्रश्न. पण म्हणून चार्टमध्ये खोट काढायची?"

विश्वास. हा शब्द त्यांनी वापरला, मी नाही. मी बोटांचा आकडा सांगितला होता आणि मला उत्तर मिळालं होतं ते ईमानाबद्दल. आमच्या मोहल्ल्यात मौलवीसाहेबांना कुणी असं काही विचारलं असतं, तर त्यांनीही आधी विचारणाऱ्याचं ईमान तपासलं असतं, मग प्रश्न. त्यांच्याकडून ते अपेक्षितच आहे. त्यांचं तेच काम आहे.

मी जर्नल उचललं आणि जागेवर येऊन बसले. माझा हात टेबलावर, मॅडमच्या समोर, इतका वेळ होता. तो त्यांनी बघितला असता तरी काम झालं असतं. "हा बघा" म्हणून तो वर करायचं धैर्य मला झालं नाही. पहिल्या तासालाही झालं नव्हतं.

त्या संध्याकाळी दुकानात अब्बा एका काचेवर हिरा फिरवत होते. काच कापताना त्यांच्याशी बोलायचं नसतं. तुकडा मोडून बाजूला ठेवल्यावर मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते मॅडमवर चिडतील. त्यांनी फक्त विचारलं, "चार्टच्या उजव्या कडेला कोरा कागद किती दिसतो?"

मी आठवून सांगितलं, तीन बोटं तरी.

"आणि डाव्या कडेला, हात आहे तिकडे?"

अजिबात नाही. बोट संपतं, पट्टी लागते.

अब्बा हसले. मला म्हणाले ते असं, की फ्रेमच्या पट्टीला आतून खाच असते, त्या खाचेत चित्राची कड बसते. म्हणजे पट्टी चारी बाजूंनी थोडं थोडं चित्र खाते. चांगला कारागीर आधी चित्राला सगळीकडून सारखी कोरी जागा सोडतो. ह्याने घाईत चित्र एकीकडे सरकवलंय. "अंगठा कुठे जात नाही. पट्टीखाली आहे. पण हे काम आपलं नाही," हे शेवटचं त्यांनी जरा अभिमानाने सांगितलं. मग म्हणाले, "त्यांच्याशी वाद घालू नकोस. फ्रेम उघडली की चार्टच बोलेल. चार्टचं ऐकतील."

हे शेवटचं वाक्य ते सहज बोलून गेले. मला ते अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता अब्बा हत्यारांची पिशवी घेऊन कॉलेजात आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी स्वच्छ पांढरा शर्ट घातला होता आणि टोपी काढून खिशात ठेवली होती. ती का काढली, ते मी विचारलं नाही. मॅडमना त्यांनी नमस्कार केला आणि म्हणाले, "मॅडम, आपल्या चार्टची काच कोपऱ्यात तडकलीय, मुलगी सांगत होती. माझं फ्रेमचं दुकान आहे. बदलून देतो. आपल्या कॉलेजात शिकते, तेवढंच आमच्याकडून."

काच खरंच तडकलेली होती, कुणीतरी चिकटपट्टी लावली होती. मॅडम एकदम सौजन्याने बोलायला लागल्या. अहो, कशाला त्रास, वगैरे. पुण्यात माणूस कामाला आला की त्याचा मान राखतात, वाद घालायला आला की नाही. प्रयोगशाळेतले मामा, म्हणजे आमचे शिपाई, स्टुलावर चढले. दोघांनी मिळून फ्रेम उतरवून टेबलावर पालथी घातली. अब्बांनी पकडीने बारीक खिळे एकेक करून काढले, ओळीने ठेवले, पाठचा पुठ्ठा उचलला, आणि कागद अलगद काढून सुलटा केला.

अंगठा होता. डाव्या कडेला, लांबट, दोन हाडांचा. बाकीची बोटं इतक्या वर्षांच्या उजेडाने विटकरी झाली होती. अंगठा मात्र छापला त्या दिवशी असेल तसा लालभडक.

"पट्टीखाली होता, मॅडम," अब्बा म्हणाले. "शाबूत आहे."

मॅडम वाकून बघत राहिल्या. मग मामांना विचारलं, की चार्ट असा कधीपासून होता. मामांनी सांगितलं, आधी तो काठीवर गुंडाळायचा होता, फाटायला लागला म्हणून फ्रेम केला, त्यालाही बरीच वर्षं झाली. मॅडम म्हणाल्या, "आणि तुम्ही रोज पुसता ना हो तो?"

"पुसतो, मॅडम," मामा म्हणाले. "मोजत नाही."

अब्बा काच कापायला माप घेत होते. त्यांचे खांदे हलले ते फक्त मला दिसलं. नवीन काच लावताना त्यांनी चारी बाजूंना सारखी कोरी जागा सोडली, खिळे ठोकले, हाताने धूळ पुसली आणि चहा न घेता गेले.

दुपारी फळ्यावर सूचना आली, की माणसाच्या हाताच्या आकृतीत चार्टनुसार अंगठा दाखवावा. सगळ्यांनी निमूट जर्नलं उघडली आणि एकेक अंगठा वाढवला. काल चार बोटं बरोबर होती, आज पाच आहेत, मध्ये काय झालं, असं एकानेही विचारलं नाही. जोडीदाराने तिचा अंगठा वटवाघळाच्या पंखात घुसेल इतका मोठा काढला. गंध लावणाऱ्या मुलाने तो करंगळीच्या बाजूला काढला, कारण त्याच्या पानावर तिकडे जागा होती. त्यालाही सही मिळाली, मी डोळ्यांनी पाहिली. चार्ट कधी चुकीचा होता, असं त्या दिवशी कुणी म्हटलं नाही. आदल्या दिवशी तो बरोबर होता आणि आज जास्त बरोबर झाला होता.

ह्यावरून उत्क्रांती खोटी ठरते, असं मी म्हणत नाही. घाईत लावलेल्या एका पट्टीवरून इतकं मोठं काही ठरत नाही, एवढं मला कळतं. मी उत्क्रांती मानत नाही त्याची कारणं माझी आहेत. मी सांगतेय ते माणसांबद्दल. त्या खोलीत साठ जणांनी काही तपासलेलं नव्हतं, काही पाहिलेलं नव्हतं. त्यांना कुणी सांगितलं, ते त्यांनी मानलं, उतरवून घेतलं, न मानणाऱ्याकडे बघून घेतलं आणि वर्षातून एकदा हार घातला. आमच्याकडे ह्याला नाव आहे. त्यांच्याकडे नाव नाही, म्हणून त्यांना वाटतं की ती गोष्टच त्यांच्याकडे नाही.

शेवटी माझा नंबर आला. मी जर्नल पुढे ठेवलं. आकृतीत मी काही बदललं नव्हतं, बदलण्यासारखं नव्हतंच. आदल्या आठवड्यातलंच पान, लाल शेऱ्यासकट. मॅडमनी आकृती पाहिली. मग, पहिल्यांदाच, मान वळवून भिंतीवरच्या नव्या काचेकडे पाहिलं. पुन्हा माझ्या पानाकडे. म्हणाल्या, "हं. आता चार्टप्रमाणे आहे."

सही केली. मग पहिल्या पानावर, सर्टिफिकेटखाली, दुसरी सही केली. लाल शाई वाळेपर्यंत त्यांनी पान हाताने धरून ठेवलं आणि, मला वाटतं, काहीतरी चांगलं बोलावं म्हणून म्हणाल्या, "तुझे वडील सज्जन आहेत. आणि बघ, शेवटी पुराव्यानेच ठरतं."

जर्नल घ्यायला मी पुढे केलेला हात त्यांच्या नाकासमोर होता. पाचही बोटं पसरलेली. जूनपासून तो तसाच होता.

"हो, मॅडम," मी म्हटलं, आणि जर्नल घेऊन आले.